जुन्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसला ब्रेकची डिस्क घ्यायची असेल तर बिलावर "५ बाय १००" लिहून घ्या

सगळ्यात आधी हेच सांगतो (म्हणजे पाच बोल्टचे होल १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर), कारण माझा सगळा वैताग ह्याच्यातच झाला. दुकानात जाऊन "ऑक्टेव्हियाची डिस्क द्या" म्हणू नका. "१.८ टर्बो" तर बिलकुल म्हणू नका.

माझी गाडी २००५ ची आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाचं स्पोर्टी मॉडेल, १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, एमएच ३१ म्हणजे नागपूर पासिंग. मागच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरत होतो तर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथर थरथर. ज्याला सांगितलं तो म्हणे डिस्क वाकली. डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही, पॅडचा माल तिच्यावर कमीजास्त बसतो नाहीतर जाडी जागोजागी वेगळी होते, म्हणून थरथर येते. मिस्त्रीने चाक काढून मोजलं तर २३.३ मिलीमीटर. नवीन असते २५ ची आणि चालते २३ पर्यंत, हा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, गंज घासला की दिसतो. हिंगण्याला एमआयडीसीत लेथवर टर्निंग मारून आणू का असं एकाने सुचवलं, पण दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढलं तरी २३ च्या खालीच जाणार, मग कशाला.

मोजायचं असेल तर एक ध्यानात ठेवा, डिस्कच्या काठावर न झिजलेला उंचवटा राहतो, व्हर्निअर त्याच्यावरच अडकतो आणि जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूला आतल्या भागावर एकेक नाणं ठेवून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची.

आता साइज. ह्या प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) पुढची डिस्क २८० बाय २२, २८८ बाय २५, ३१२ बाय २५ अशी येते, पहिला आकडा व्यास, दुसरा जाडी, मिलीमीटरमध्ये. युरोपातल्या १८० अश्वशक्तीच्या आरएसला ३१२ होती, म्हणून नेटवर बघितलं की सगळीकडे आरएस म्हणजे ३१२ असंच लिहिलेलं. माझ्या गाडीवर मोजली तर २८८. कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) कॅरिअर, म्हणजे तो धरून ठेवणारा ब्रॅकेट, ज्या साइजचा तीच डिस्क लागणार, मोठी हवी तर कॅरिअरही बदला. डिकीत स्टेपनीजवळ एक स्टिकर असतं, त्याच्यावर बारीक अक्षरात बरेच कोड असतात, त्यातला १झेड नाहीतर १एल ने सुरू होणारा कोड पुढच्या ब्रेकचा, १के वाला मागच्या ब्रेकचा. स्टिकर शाबूत असेल तर फोटो काढून ठेवा.

मग आला तो दुकानदार. कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, नाव लिहीत नाही. मी त्याला व्हॉट्सअॅपवर चेसिस नंबर, जुन्या डिस्कचा फोटो, २८८ बाय २५, सगळं पाठवलं. तो म्हणे "भाऊ, टेन्शन काहून घेऊन राहिले, मागवून देतो." अर्धा अ‍ॅडव्हान्स घेतला. मग रोज "आज येते, उद्या येते", मध्ये सुट्ट्या आल्या, मग ट्रान्सपोर्टवाल्याचा माल नागपूरजवळच्या वाडीला अडकला. तोवर गाडी उभी. शेवटी डिस्क आल्या, चकचकीत डबा, वर लिहिलेलं २८८ बाय २५, उरलेले पैसे दिले. गॅरेजमध्ये मिस्त्रीने जुनी डिस्क काढली, नवीन हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) लावायला गेला तर बोल्टचे होलच जुळेनात.

गंमत अशी आहे की ऑक्टेव्हिया ह्या नावाने आपल्याकडे एकाहून जास्त वेगळ्या गाड्या विकल्या. पहिली माझी, तिचे पाच बोल्ट १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर. दुसरी पिढी आपल्याकडे लॉरा म्हणून आली, तिचे ११२ वर. मग २०१३ ला परत ऑक्टेव्हिया आली, तीही ११२, आणि तिलाही १.८ टर्बो पेट्रोल इंजिन. वरून लॉराच्या प्लॅटफॉर्मवर २८८ बाय २५ ची डिस्क आहेच. म्हणजे नाव तेच, इंजिन तेच, गोलाई तीच, जाडी तीच, आणि डिस्क भलतीच! डब्यावरचे दोन आकडे बघून कोणाच्या बापाला कळणार नाही.

दुकानात परत गेलो तर पठ्ठ्या म्हणतो, "सिस्टममध्ये ऑक्टेव्हिया १.८ टर्बो टाकलं तर हेच येते." मी म्हटलं चेसिस नंबर दिला होता ना. "चेसिसवर आम्ही नाही काढत भाऊ." मग मागितला कशाला? त्यावर उत्तर नाही. उलट म्हणे लेथवर नवीन होल मारून घ्या, लागून जाते. ब्रेकच्या डिस्कला होल मारून घ्या! बरं, होलाचं सोडा, डिस्क टेबलावर पालथी ठेवून मधल्या टोपीची उंची बघितली तर तीही वेगळी, म्हणजे होल मारूनही ती कॅलिपरच्या मधोमध आलीच नसती. मग त्याने बिलावर बोट ठेवलं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बिलावर लिहिलेलं काय, तर "ऑक्टेव्हिया डिस्क, २ नग". झालं. त्याच्या हिशोबाने त्याने ऑक्टेव्हियाचीच डिस्क दिली होती.

मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ चं नाव काढलं, चॅट दाखवली, आवाज थोडा वाढला हेही खरं. शेवटी आतून मोठे काका आले, त्यांनी काही न बोलता माझी जुनी डिस्क नवीवर ठेवली, एक होल जुळवलं, बाकीचे चार बघितले आणि पोराला म्हणाले "घे वापस." पण रोख नाही दिली, क्रेडिट नोट दिली.

म्हणून सांगतो, दुकानातच मोजा. एका होलच्या डाव्या कडेपासून शेजारच्या होलच्या डाव्या कडेपर्यंत ५८.८ मिलीमीटर आलं तर १०० वाली, ६५.८ आलं तर ११२ वाली. पार्ट नंबरमध्ये तर फरक एका अक्षराचा आहे, आपली १जे० ६१५ ३०१ ने सुरू होते, लॉराची १के० ६१५ ३०१ ने.

बरोबर डिस्क मग पुण्याहून मागवल्या, फोनवरच्या माणसाने स्वतःहून "पाच बाय शंभर ना?" विचारलं, तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला. साध्या व्हेंटिलेटेड (मधे हवेसाठी पोकळी असलेल्या) घेतल्या. घासणाऱ्या भागावर होल पाडलेल्या दिसायला भारी असतात, पण रोजच्या वापरात फायदा नाही आणि त्या होलांपासूनच बारीक चिरा जातात.

फिटिंग अर्ध्या दिवसात झालं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढायला लावा, नाहीतर नवीन डिस्कही लपलपते आणि थरथर परत. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पॅड नवीनच टाका. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर, टायरवाल्याला मशीनने ठोकू देऊ नका. मग नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसाव्यात म्हणून पहाटे काटोल रोडला नेऊन ८० वरून २० पर्यंत आठदहा वेळा ब्रेक मारला, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थंड होऊ द्यायचं. स्टिअरिंग आता एकदम शांत, हात सोडून ब्रेक मारला तरी सरळ.

मागच्या डिस्क राहिल्यात. माझ्या गाडीला त्या सपाट, म्हणजे मधे पोकळी नसलेल्या, ९ मिलीमीटरच्या, ७ पर्यंत चालतात, दिवाळीपर्यंत टिकतील. आणि क्रेडिट नोट त्याच दुकानाची असल्यामुळे त्या तिथूनच घ्याव्या लागणार आहेत.