टर्बो आहे म्हणून किती उंच जायचं? – माझा अनुभव

टर्बो नसलेल्या साध्या विमानात उंचीचा प्रश्न बराचसा इंजिनच सोडवून टाकतं. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, कमी होत जातं. आठ हजार फुटांच्या आसपास थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनही ७५ टक्क्यांच्या वर ताकद मिळत नाही, आणि बारा हजारांच्या पुढे चढायचं म्हणजे नुसती ओढाताण. मी अनेक वर्षं अशीच सहा ते नऊ हजारांच्या पट्ट्यात उडत आले. डोंगराच्या वर पुरेसं अंतर आहे ना, ढग आडवे येत नाहीत ना, एवढं पाहिलं की झालं.

चार आसनी, एका इंजिनाचं टर्बो विमान हातात आलं आणि ही सोय संपली. टर्बो म्हणजे असं : इंजिनातून बाहेर पडणाऱ्या (एक्झॉस्टच्या) गरम वायूवर टर्बाइन फिरते, ती कॉम्प्रेसर फिरवते आणि विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवते. जादा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप, वेस्टगेट, पूर्ण बंद होईपर्यंत, म्हणजे क्रिटिकल अल्टिट्यूडपर्यंत, इंजिनाला आपण किती उंचीवर आहोत हे जणू कळतच नाही. ही कल्पना जुनी आहे. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेलं आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोने परत मिळते हे तिथे चालवून दाखवलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. विमान न उडवता उंचीची चाचणी घ्यायची तर डोंगरच गाठायला हवा, हे किती सरळ उत्तर!

पण इंजिनाची अडचण दूर झाली की निवड आपल्यावर येते. साडेआठ हजार की साडेसतरा हजार? दोन्हीकडे विमान तितक्याच ताकदीने चालणार. ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी निम्मे म्हणाले, टर्बोचे पैसे मोजलेत तर वर जा. बाकीचे म्हणाले, एवढ्या वर जाऊन करायचंय काय? मला दोन्ही उत्तरं पटेनात, म्हणून मी विमानाचं हँडबुक घेऊन तक्त्यांसमोर बसले.

तक्त्यांतून पहिली गोष्ट कळली ती अशी. ताकद ६५ टक्क्यांवर कायम ठेवली, तर आमच्या विमानाचा ट्रू एअरस्पीड, म्हणजे हवेतला खरा वेग, साडेनऊ हजार फुटांवर १६८ नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) आणि साडेसतरा हजारांवर १८४ नॉट. इंधन दोन्हीकडे सारखंच, तासाला ५५ लिटर. म्हणजे आठ हजार फुटांमागे १६ नॉट, हजार फुटांमागे दोन. हा दोनचा आकडा मी हँडबुकच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवला, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याशीच जोडलेला आहे. वर जाताना समोरचा वारा दर हजार फुटांमागे दोन नॉटांपेक्षा जास्त वाढत असेल, तर वर जाऊन वेग मिळत नाही, उलट जातो. तेवढ्या प्रमाणात वाढत नसेल, तरच पुढचा विचार करायचा.

पुढचा विचार म्हणजे चढण्याची किंमत. आमचं विमान सरासरी मिनिटाला ७५० फूट चढतं. साडेनऊऐवजी साडेसतरा हजारांवर जायचं तर साधारण अकरा मिनिटं जास्त चढावं लागतं. त्या काळात इंजिन क्रूझच्या, म्हणजे सपाट उडण्याच्या, दुप्पट, तासाला ११० लिटरच्या आसपास इंधन पितं आणि विमान १३० नॉटांनी चालतं. म्हणजे दहा लिटर जादा इंधन गेलं आणि सात-आठ नॉटिकल मैल मागे राहिले. वर मिळणाऱ्या १६ नॉटांनी ते मैल भरून काढायला जवळपास अर्धा तास क्रूझ हवा, तोही वारा नसताना. उतरताना थोडं परत मिळतं, सगळं नाही.

म्हणूनच दीडशे मैलांच्या प्रवासाला साडेसतरा हजारांवर जाण्यात अर्थ नसतो. चढण्यात चाळीस-पन्नास मैल जातात, मिनिटाला ५०० फुटांनी उतरायचं तर ऐंशी-नव्वद मैल. मधे सपाट उडायला उरतं काय?

लांबच्या प्रवासात मात्र वाऱ्यामुळे सगळं पालटतं. एक ४२० मैलांचा पूर्वेकडचा प्रवास मला नीट आठवतो. मध्य अक्षांशांत वरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून येतात, आणि उंचीबरोबर त्यांचा जोर वाढतो. त्या सकाळच्या अंदाजात साडेनऊ हजारांवर पाठीमागून १२ नॉट होते, साडेसतरा हजारांवर ३८. खाली ग्राउंडस्पीड, म्हणजे वारा धरून जमिनीच्या हिशेबाने वेग, १८०, वर २२२. चढण्यातला तोटा धरूनही वरून चोवीस-पंचवीस मिनिटं वाचणार होती, इंधनही दहा-बारा लिटर कमी लागणार होतं. इथे दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं.

परतीच्या वेळी वारे तेच होते. सोळा हजार पाचशेवर समोरून ३६ नॉट, साडेआठ हजारांवर १०. वर १४६ नॉट पडत होते आणि खाली १५६. विमान तेच, मार्ग तोच, आणि खालून अकरा मिनिटं लवकर, शिवाय चढण्याचा वेळ आणि इंधन वाचलं ते वेगळं. खाली दुपारचे हादरे बसले, ते आम्ही सोसले. (जाताना साडेनऊ-साडेसतरा आणि येताना साडेआठ-साडेसोळा हे आकडे मनाचे नाहीत. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, उडताना चुंबकीय मार्ग ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार अधिक पाचशे, १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक पाचशे, असा सर्वसाधारण नियम आहे. काही देशांत पूर्व-पश्चिमेऐवजी उत्तर-दक्षिण अशी विभागणी असते, तेव्हा जिथे उडायचं तिथलं पाहून घ्यावं.)

आकडेमोड इथवर आली तेव्हा मला वाटलं की उंची ठरवण्याची रीत सापडली. पण विमानात माणसं बसलेली असतात, आणि माणसाला टर्बो नसतो.

अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. अमेरिकी नियम सांगतो की साडेबारा ते चौदा हजार फुटांमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यावा, चौदा हजारांच्या वर कायम घ्यावा आणि पंधरा हजारांच्या वर प्रत्येक प्रवाशाला तो उपलब्ध असावा. हा कायद्याचा किमान आकडा झाला, शरीराचा नव्हे. एकदा बाबा शेजारी बसले होते. बारा हजार फुटांवर, म्हणजे नियमाच्या आतच, मी दोघांच्या बोटांना आळीपाळीने पल्स ऑक्सिमीटर लावला. माझा आकडा ९१ आला, त्यांचा ८६. मी विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "अगं, मस्त वाटतंय मला, तू चालव." खरी अडचण हीच आहे. ऑक्सिजन कमी पडायला लागला की माणसाला त्रास होईलच असं नाही, कित्येकदा उलट छानच वाटतं. त्यांच्या नाकाला कॅन्युला, म्हणजे ऑक्सिजनची बारीक नळी, लावली, रेग्युलेटरवरचा प्रवाह उंचीच्या खुणेशी जुळवला आणि थोड्याच वेळात आकडा ९४ वर आला. मग त्यांनी खाली दिसणाऱ्या नदीचं नाव विचारलं आणि नंतर नकाशाच मागून घेतला. त्याआधीची वीस मिनिटं ते गप्प होते, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

तेव्हापासून आमचा घरचा नियम कायद्यापेक्षा कडक आहे. दिवसा दहा हजारांच्या वर सगळ्यांना कॅन्युला. रात्री वैमानिकाला पाच हजारांपासूनच, कारण रात्रीची नजर सगळ्यात आधी मंदावते. कॅन्युला अठरा हजारांपर्यंतच चालते, त्यापुढे मास्क लागतो. मास्क लावून तीन तास कुणी आनंदाने बसत नाही, म्हणून घरचे बरोबर असताना मी अठरा हजारांच्या वरची उंची विचारातच घेत नाही. त्याहून वर चुकांना वावही फार कमी. पंचवीस हजारांवर ऑक्सिजन बंद पडला तर शुद्धीवर राहून काही करता येण्याचा वेळ तीन ते पाच मिनिटं, अठरा हजारांवर तो वीस-तीस मिनिटं असतो. आणखी एक छोटी गोष्ट प्रत्येक प्रवाशाला सांगते : ओठांना व्हॅसलीन किंवा तेलकट बाम लावून बसू नका. शुद्ध ऑक्सिजन आणि तेलकट पदार्थ जवळ येणं धोक्याचं.

इंजिनाचंही म्हणणं ऐकावं लागतं. विरळ हवेत ताकद तितकीच तयार होते, पण सिलिंडर थंड करायला हवा कमी मिळते. उन्हाळ्यात सलग सतरा हजारांपर्यंत चढताना सिलिंडर हेडचं तापमान ४०० अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवायचं तर मी नाक खाली घेते, वेग वाढवते, काउल फ्लॅप (इंजिनाच्या आवरणातल्या, गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडे ठेवते आणि चढण्याचा दर कमी झाला तर होऊ देते. म्हणजे हिशेबातली अकरा मिनिटं उकाड्याच्या दिवशी सोळा-सतरा होतात. ती आधीच धरावी लागतात. टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूच्या तापमानाची लाल रेषाही वरच्या उंचीवर लवकर जवळ येते, तिथे हवा-इंधनाचं मिश्रण पातळ करताना, म्हणजे इंधन कमी करताना, हात सावकाश चालवावा लागतो.

बर्फाबद्दल थोडक्यात सांगते. विमानावर बर्फ धरेल अशा हवेत उडायची आमच्या विमानाला परवानगी नाही. तापमान हजार फुटांमागे साधारण दोन अंश सेल्सिअसने उतरतं, आणि शून्य ते उणे वीस या पट्ट्यातल्या ढगात बर्फ धरण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वर निरभ्र, ऊन, गुळगुळीत हवा असली तरी शेवटी त्याच ढगातून खाली यायचं असेल तर ती उंची माझ्या उपयोगाची नाही. चढायला वाट सापडली म्हणून उतरायलाही सापडेल, असं गृहीत धरत नाही.

याउलट एका बाबतीत उंची हवीच असते, आणि तिचं मोल वेगाच्या हिशेबात बसत नाही. आमचं विमान इंजिन बंद पडलं तर उंचीच्या नऊपट अंतर तरंगत जातं. जमीन दोन हजार फुटांवर असेल तर आठ हजारांवरून नऊ मैल, सतरा हजारांवरून बावीस मैल. जंगल, डोंगररांगा किंवा रुंद पाणी ओलांडायचं असेल तेव्हा मी वारा थोडा विरोधात असला तरी वरची उंची घेते. दहा मिनिटं उशीर झाला तर झाला. टर्बोमुळे मिळालेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यात मोलाची वाटते. वेग त्यानंतर येतो.

उतरणं मी आधी ठरवते, निघण्यापूर्वीच. साडेसतरा हजारांवरून, उतरण्याआधी विमानतळाभोवती घालायच्या चक्कराच्या उंचीपर्यंत पंधरा हजार फूट उतरायचे, मिनिटाला ५०० फुटांनी अर्धा तास. ग्राउंडस्पीड २०० धरला तर शंभर मैल आधी सुरुवात करावी लागते, आणि एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) ते त्याआधी सांगावं लागतं. याहून झपाट्याने उतरलं तर कान दुखतात, सर्दी असलेल्याला तर सहनच होत नाही. थ्रॉटल मी मॅनिफोल्ड प्रेशर मिनिटाला एक इंचापेक्षा जास्त उतरेल इतका मागे घेत नाही. असं केलं की इंजिन हळूहळू थंड होतं आणि मागच्या सीटवर झोपलेलं मूल रडत जागं होत नाही. कुणाला सर्दी असेल, तर त्या दिवशी वारा कितीही चांगला असो, दहा हजारांच्या वर जात नाही.

आता निघण्याआधी मी कागदाच्या पट्टीवर तीन उंच्या लिहिते : एक खालची, एक मधली, एक वरची, प्रत्येकीपुढे अंदाजातला वारा आणि अपेक्षित ग्राउंडस्पीड. बहुतेक वेळा मधली, म्हणजे दहा ते तेरा हजारांमधली निवडली जाते. पण वाऱ्याचा अंदाज हा अंदाजच असतो, म्हणून चढतानाच स्क्रीनवरचा वाऱ्याचा बाण पाहत राहते आणि दर दोन हजार फुटांना पट्टीवर खरा आकडा टिपते. समोरचा वारा दोन नॉटांच्या हिशेबापेक्षा वेगाने वाढताना दिसला, की ठरवलेली उंची गाठण्याचा हट्ट सोडून जवळच्या योग्य उंचीवर विमान सपाट करते. पाठीमागचा वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला तर आणखी वर जाते. मात्र त्याआधी ऑक्सिजनच्या बाटलीचा दाब बघते आणि प्रत्येकाच्या बोटाला पुन्हा एकदा ऑक्सिमीटर लावते.