लोणंदला चपलेचा अंगठा तुटला

मी सातारचा. म्हणजे माऊलींचा पालखी सोहळा ज्यांनी सुरू केला ते हैबतबाबा आरफळकर आमच्या शेजारच्याच गावचे, आणि तरी चाळिशी उलटेपर्यंत वारी मी टीव्हीवरच बघितली. यंदा मित्राच्या दिंडीत घुसलो. अख्खी वारी नाही ओ, नीरा ते फलटण, रजाच तेवढी मिळाली.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं आणि पालखी पूल ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. पण लोणंदला पोचेस्तोवर दोन्ही टाचांना फोड. दुसऱ्या दिवशी दुपारी तरडगावला निघालो आणि गावाबाहेर येतोय तोवर चपलेचा अंगठाच तुटला. मनात म्हणलं झालं, एसटी पकडायची आणि गप घरी जायचं. बायकोला तसा मेसेज पण टाइप केला होता.

रस्त्याकडेला एका लिंबाखाली पोतं टाकून एकजण फुकटात चपला शिवत होता, पुढं ही गर्दी. माझा नंबर आल्यावर बघितलं तर डावा हात कोपरापासनं नाही. कडबाकुट्टीत गेला, बारावीत असताना, हे त्यानं नंतर आपणहून सांगितलं, जसं आपण पाऊस किती झाला सांगतो तसं. चप्पल दोन गुडघ्यांत दाबायची, उजव्या हातानं आरी घुसवायची, खालचा दोरा पायाच्या बोटांत धरलेला, आरीनं तो वर ओढायचा आणि गाठ दातांनी. मी आपला चांगुलपणा दाखवायला चप्पल धरायला गेलो तर म्हणला, "सोडा माऊली, तुम्ही धरली की हलतीया." मागच्या आज्जी तोंडाला पदर लावून हसल्या.

शिवून झाल्यावर चप्पल माझ्या पायात घालून पायावर डोकं टेकवलं त्यानं. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे माहीत होतं, तरी मी पाय मागं घेतला. प्रेरणा बिरणा नंतरचं, आधी लाजच वाटली, खिशात तो एसटीचा मेसेज तसाच पडलेला. म्हणलं काहीतरी काम सांगा की. तर म्हणला त्या आज्जींना पाणी द्या, आणि लायनीतल्या चपला जोडीनं लावून ठेवा, एकाची दुसऱ्याला जातीया. अर्धा-पाऊण तास तेच केलं. मधेच फोडावर लावायला हळद दिली, नुसती, कोरडी. कितपत उपयोग झाला कोण जाणे.

निघताना विचारलं, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघायला येणार का? वारीतलं पहिलं उभं रिंगण ते, इथनं जवळच. तर म्हणला, "आठ वर्षं हितं बसतोय, रिंगण काय बघितलं न्हाय. त्याच टायमाला चपला जास्त तुटत्यात. तुम्ही व्हिडिओ पाठवा." नंबर घेतला.

चांदोबाच्या लिंबाला दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना सरकल्या, मधे वाट मोकळी झाली, टाळ-मृदंगाचा असला आवाज की शेजारचा काय बोलतोय कळंना. स्वाराचा घोडा पुढं, मागनं माऊलींचा, पाठीवर कोणी नसलेला. मी मोबाइल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेला, फोड विसरून चवड्यावर उभा. घोडे गेले की सगळा समाज टापांखालची माती कपाळाला लावायला वाकला, मी पण वाकलो, तेवढ्यात कुणीतरी पायावर पाय दिला पण शिवण काय निघाली नाही.

रात्री तरडगावच्या तंबूत पिठलं-भाकरी खाल्ल्यावर रेंज आली तेव्हा बायकोला टाइप केलेला मेसेज डिलीट केला आणि त्याला व्हिडिओ पाठवला. लगेच निळी खूण झाली, आणि बराच वेळ काहीच नाही. मग रिप्लाय आला.

"टोप्या मस्त आल्यात माऊली. घोडा कुठाय?"