आमची वाटचाल : ट्रे तोच, पार्टी नवी

आमच्या पहिल्या ट्रेवरचे मासे पसरले होते. लेकीच्या वाढदिवसाला समुद्राची थीम ठरली होती. माळ्यावरची एक जुनी फोटोफ्रेम उतरवली, काच काढली, घरच्या प्रिंटरवर छापलेलं मासे-शिंपल्यांचं चित्र पाठच्या फळीवर चिकटवलं, दोन बाजूंना कपाटाच्या मुठी ठोकल्या आणि वरून पाण्यात कालवायचं वॉर्निश फिरवलं. ब्रशबरोबर निळी शाईही फिरली. समुद्रच असल्यामुळे ते खपून गेलं, उलट तीन आयांनी विचारलं, "हा ट्रे कुठून आणलास?"

तिथून सुरुवात झाली. तेव्हा मी एकटीच होते. पुढे थोरल्या जाऊबाई हिशेबाला आल्या, आणि खरं सांगायचं तर धंदा तेव्हापासूनचा. त्याआधीचा छंदच म्हणायचा.

पहिलं वर्ष चुका करण्यात गेलं. शाई पसरायचं कारण लवकर कळलं. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, लेझर प्रिंटरची भुकटी मात्र उष्णतेने वितळून कागदाला धरून बसते. म्हणून लेझर प्रिंट घ्यायला लागलो. मग एमडीएफने रडवलं. हा बोर्ड लाकडाचे बारीक तंतू आणि राळ दाबून करतात. त्याची पाठ-पोट गुळगुळीत असतात, पण कापलेली कड पाणी पिते आणि फुगते. आम्ही वरून रंगाचे तीन हात द्यायचो आणि कडेला एकच. चार ट्रे तळाशी फुगून परत आले. आता कडेला आधी पातळ केलेला पांढरा गोंद लावतो, वाळला की २२० नंबरचा पॉलिश पेपर मारतो, पुन्हा गोंद, मग प्रायमर. कंटाळवाणं काम आहे आणि ट्रेचं आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

वजनाचाही धडा मिळाला. मजबूत हवा म्हणून १२ मिमीचा तळ घेतला होता. ३०० बाय ४२५ मिमीचा तेवढा तुकडाच किलोच्या वर जातो. त्यावर २५० मिलीचे चार भरलेले ग्लास ठेवले तर नुसतं पाणी आणखी एक किलो. पाहुण्यांपर्यंत पोचेतो मनगट भरून येतं. तळ ५.५ मिमीवर आणला, वजन निम्म्याहून कमी झालं आणि चौकटीने ताकद भरून काढली. मुठी आखूड बाजूंना आणल्या. आधी त्या लांब बाजूंना होत्या, आणि ट्रे हातात झोपाळ्यासारखा हलायचा.

रेझिनबद्दल, म्हणजे दोन द्रावणं मिसळून ट्रेवर ओततात आणि ती घट्ट होतात त्याबद्दल, मी थोडं कडू बोलणार आहे. काचेसारखा थर, आत चमकी, फोटोत तर काय दिसतं! पण दोन द्रावणांचं प्रमाण जरा चुकलं की थर चिकटच राहतो, बुडबुडे येतात, हातमोजे आणि उघड्या खिडक्या लागतात. वरून कडक वाटायला साधारण एक दिवस, पुरतं पक्कं व्हायला आणखी काही दिवस. इतकं करून गरम भांडं ठेवलं की वर्तुळ उमटतं. स्वस्त ट्रे विकायचा तर हे परवडत नाही. बंद केलं.

चमकीवरून आठवलं. डबीवर 'बिनविषारी' लिहिलेलं असलं म्हणजे ती खायची झाली असं नाही. गिळली गेल्यास विष नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमचा नियम एकच: सजावटीला खाणं टेकणार नाही. मध्ये बशी, वाटी नाहीतर खाण्यासाठीचा कागद हवाच. यावरून काही गिऱ्हाइकं रुसली.

आता मुद्द्याचं. एका संध्याकाळी जाऊबाई वही घेऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, लाकूड, मुठी, रंग, मजुरी, पुठ्ठ्याचं खोकं, पाठवणावळ एवढा खर्च आणि बाई तो ट्रे एका संध्याकाळी वापरते. मग तो तिला महागच पडणार ना?" मी तोवर स्वस्त करायचं म्हणजे पातळ बोर्ड आणि हलकी मूठ घ्यायची, एवढंच धरून चालले होते. त्यांनी हिशेब उलटा मांडला: ट्रे टिकाऊ करायचा, पण तो दहा पार्ट्यांना चालला पाहिजे.

म्हणून चित्र सुटं केलं. वर २ मिमीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट आणि खाली हवा तो कागद. पहिल्या नमुन्यात शीट नुसती वर ठेवली होती. एक थेंब सांडला की फटीतून आत शिरायचा आणि कागदावर नकाशा उमटायचा. शेवटी शीट चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद केली आणि आखूड बाजूला, मुठीच्या खाली, एक फट ठेवली. उशीला अभ्रा चढवावा तसा कागद तिथून आत सरकतो. ओढून काढायला तळाला अंगठ्याएवढी अर्धगोल खाच आहे. ती पुतण्याची कल्पना, आणि तो अजून त्याची आठवण करून देतो.

आतलं माप मुद्दाम ३०० बाय ४२५ ठेवलं, कारण ए-३ कागद २९७ बाय ४२० असतो. छपाईच्या कुठल्याही दुकानात मिळणारा कागद न कापता बसतो. आमच्याकडूनच कागद घ्या अशी सक्ती नाही. जाऊबाईंना हे सुरुवातीला पटलं नव्हतं. पण ज्या बाईने मुलीचं चित्र मोठं करून ट्रेत घातलं, तिच्यामुळे पाच ट्रे गेले.

कागद आम्हीही विकतोच: अंतराळ, जंगल, काळं-पांढरं, समुद्र तर कायमचा. पडद्यावर झगझगीत दिसणारा नारिंगी आणि निळा रंग छापल्यावर मलूल पडतो, म्हणून नवीन चित्राचा एक कागद आधी छापून बघतो. कार्टूनमधली पात्रं मागतात, त्यांना नाही म्हणतो. ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. त्याऐवजी त्या पात्राचे रंग, ठिपके, ढग असं काहीतरी सुचवतो. पोरांना बरोबर कळतं.

तक्रारी अजून येतात. एकीने काच पुसायच्या फवाऱ्याने शीट चकाचक केली आणि तिच्यावर जाळं पडलं. त्या फवाऱ्यातल्या अल्कोहोल, अमोनियाने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. आता प्रत्येक खोक्यात चिठ्ठी जाते: साबणाचं पाणी, मऊ फडकं, गरम पातेलं नको.

सध्या घरात गोल ट्रेवरून वाद आहे. मागणी खूप आहे, पण गोल कागद कुठे तयार मिळत नाही आणि त्याला सरकवायची फट कुठे ठेवायची हेही सुटलेलं नाही. मी ताटली ठेवून पेन्सिल फिरवून बघते आहे. जाऊबाईंनी वहीत त्या पानावर अजून एक आकडासुद्धा लिहिलेला नाही.