तीन जादा लिव्हरचा हिशोब

पेडल स्टील गिटार विकायला आहे असं ठाण्यात जाहीर केलं की कसले फोन येतात ते ऐका. "सिंथेसायझरच्या बदल्यात देता का?" "घरबसल्या शिकता येते का?" एका सद्गृहस्थाने फोटो बघून "इस्त्रीचं टेबल कितीला?" विचारलं. त्याला मी दोष देत नाही. चार पायांवरची लांबट फळी, वर दहा तारा, खाली तीन पेडल, गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणारे लिव्हर. पेडल किंवा लिव्हर दाबला की ठरावीक तारांचा सूर चढतो किंवा उतरतो. फ्रेट नाहीतच, नुसत्या रेघा. डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून फिरवायचा.

माझं नौपाड्यात जुनी वाद्यं दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. बहुतेक दिवस गिटारचे ब्रिज चिकटवण्यात आणि हार्मोनियमच्या भात्यात जातात. हवाईयन गिटारी, म्हणजे आडव्या ठेवून बारने वाजवायच्या, मात्र आमच्याकडे पूर्वी बऱ्याच यायच्या. हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकलेली एक अख्खी पिढी होती. पण ती झाली साधी हवाईयन. पेडल असलेली माझ्या दुकानात ही पहिलीच.

ताई घेऊन आल्या तेव्हा सोबत दोन हमाल होते. इमारत पुनर्विकासाला गेलेली, भाड्याच्या घरात जागा नाही, वडील वारलेले. वडील वागळे इस्टेटमध्ये टूलमेकर होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन वाजवायचे. बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने कुठल्याशा बंदरात एका अमेरिकन वादकाकडून ही शो-बड विकत घेऊन मामाला आणून दिली. नॅशव्हिलची कंपनी. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स, म्हणून शो-बड. रेघांच्या मधे बदाम, किल्वर, इस्पिक, चौकट जडवलेले.

ती उलटी करून खालचं झाकण काढलं आणि मी अर्धा तास नुसता बघत बसलो. मूळचे दोन लिव्हर होते. त्यांत या माणसाने तीन स्वतः करून बसवलेले. लिव्हरची हालचाल सळीकडे वळवणारे बेल क्रँक पितळेचे, लेथवर काढून, कडा मारून, हाताने पॉलिश केलेले. जस्ताच्या ओतकामाचे दोन तुकडे तडकलेले असावेत, त्यांच्या जागी पोलादी. प्रत्येक सळी सरळ, एकही दुसरीला घासत नाही. मुंबईतल्या नामांकित दुकानांतून 'सेटअप' करून आलेल्या गिटारी माझ्याकडे रडत येतात. ते लोक हे काम बघतील तर पाना खाली ठेवतील.

सूर लावायला बसलो. दहा तारांचं ई नाइन ट्यूनिंग, म्हणजे नॅशव्हिलवाल्यांची तारा लावायची ठरलेली पद्धत. मोकळ्या तारा खुंट्यांनी, आणि पेडल-लिव्हरने बदलणारे सूर दुसऱ्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी लावायचे, 3/16 इंचाच्या चावीने. सगळं जुळलं. एकच लिव्हर अडला, डावा गुडघा वर उचलला की चालणारा. तो सहाव्या तारेचा जी शार्प उतरवत होता. थोडा दाबला की जी, तिथे एक लहान स्प्रिंग आडवी येते आणि गुडघ्याला कळतं. आणखी दाबला की जीच्याही खाली, ट्यूनरवर वीसेक सेंट उणे (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). स्प्रिंग ढिली झाली असेल म्हणून तपासली, ती ठणठणीत होती.

उत्तर केसच्या कप्प्यात सापडलं. आलेखाच्या कागदावर कोपेडंट, म्हणजे कुठलं पेडल कुठली तार किती हलवतं त्याचा तक्ता. बाकीचा नॅशव्हिलसारखाच, पण या लिव्हरच्या रकान्यात पेन्सिलीने 'सा = ई' आणि खाली 'दरबारी'. ई षड्ज धरला की जी शार्प होतो शुद्ध गंधार आणि जी कोमल. दरबारीतला गंधार साध्या कोमल गंधाराहून उतरलेला, झुलता. नुसत्या बारने झुलवायला गेलं तर बारखालच्या सगळ्याच तारा झुलतात. गुडघ्याने एकच तार हलते, षड्ज जागेवर राहतो. मी तानपुऱ्याचं ॲप लावून गुडघा त्या स्प्रिंगच्या अलीकडे-पलीकडे हलवून बघितला. मला दरबारी येत नाही. तरी शेजारचा चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला.

गिऱ्हाईक मिळालं नेरूळचं. तरुण, आयटीतला, अमेरिकन कंट्री संगीत वाजवणारा, पेडल स्टील खरंच येत असलेला. ठाणे-नवी मुंबईत असे किती असतील कोण जाणे. बसल्या बसल्या पहिली दोन पेडल दाबून तो ओळखीचा हुंदका काढला. 1954 साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या रेकॉर्डवर बड आयझॅक्सने अमेरिकेतल्या वादकांना वेड लावलं ते असल्याच आवाजाने. हात छान होता पोराचा. मग त्याने गुडघा उचलला आणि थांबला.

"हा ओव्हरशूट करतोय, सर."

मी तक्ता दाखवला. त्याने शांतपणे वाचला. "मस्तच आहे, पण मी राग वाजवत नाही. फास्ट लिकमध्ये सूर थेट जीच्या खाली जाणार." यात चूक काहीच नव्हती. मला राग आला तो पुढच्या वाक्याचा: "शिवाय हे ओरिजिनल नाहीये, रीसेलला प्रॉब्लेम येतो. पंधरा हजार कमी करा."

मी त्याला मोकळी तिसरी तार वाजवायला लावली. जी शार्प, ट्यूनरवर चौदा सेंट उणे. मीच तशी लावली होती, कारण स्टीलवाले तशीच लावतात. ट्यूनरचा काटा मधोमध आणला की तिसरा सूर कॉर्डमध्ये टोचतो. म्हटलं, "याबद्दल काही बोलला नाहीस?" "तो बरोबरच आहे की." म्हणजे नॅशव्हिलच्या कानाने उतरवलेला सूर बरोबर, आणि वागळे इस्टेटच्या कानाने उतरवलेला बिघाड. तो हसला. पंधरावरून दहावर आला, त्यापुढे हलला नाही.

ताईंना फोन केला. त्यांना महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. "काका, तुम्ही म्हणाल तसं."

स्टॉपचा स्क्रू पुढे घेतला, म्हणजे लिव्हर जीलाच अडकेल. स्प्रिंग काढून पुडीत बांधून केसमध्ये टाकली आणि पुडीवर ती कशाची हे लिहिलं. एवढ्याने तो लिव्हर चारचौघांसारखा झाला. मुलगा पाय, पेडलबार सगळं सोडवून गाडीत घालून घेऊन गेला. कुरिअरवाल्यांच्या हाती ही वस्तू देऊ नये, एवढी अक्कल त्याला होती.

व्यवहार एक लाख पस्तीस हजारांत झाला. माझी दलाली वजा करून पैसे द्यायला गेलो तेव्हा ताई खोक्यांच्या मधे बसून भांडी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी हिशोबाची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "यात बाबांनी केलेल्या त्या तीन लिव्हरचे किती धरले?" वर्षभर रविवारी वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी ते केले होते, आई चिडायची, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं मिळून आहे. वेगळा आकडा मला माहीत होता, पण तो उणे होता.