पठार खोटं निघालं

मंडळी, मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझा सबटिलिस (बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू) ओडी ०.८ ला दमतो, म्हणजे त्याची वाढ तिथे थांबते. (ओडी म्हणजे द्रवाचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती झाल्या ते कळतं.) शब्द मागे घेते. दमत होता माझा ओडी मोजणारा मीटर.

पंधरा दिवस आलेखावरच्या त्या पठारापायी गेले. खाद्यातला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वाढवला, फरक शून्य. हवा कमी पडत असेल म्हणून फ्लास्क पाचवा हिस्साच भरला, शेकर जोरात फिरवला. आलेख ०.८ ला आडवा तो आडवाच. परवा तासाभराच्या अंतराने काढून बर्फात ठेवलेले दोन नमुने सहज उजेडात धरले. पहिल्याच्या मागची छापील अक्षरं पुसट का होईना दिसत होती, दुसऱ्याच्या मागे नुसतं दूध. आणि मीटर दोघांनाही ०.८ म्हणतोय! एक भाग नमुना, नऊ भाग ताजा ब्रॉथ (जिवाणूंचं द्रव खाद्य) करून पुन्हा वाचले: ०.११ आणि ०.१९. म्हणजे मुळात १.१ आणि १.९.

६०० नॅनोमीटरला आपण मोजतो ते मुख्यतः प्रकाशाचं विखुरणं. दाटी झाली की एका पेशीने बाजूला फेकलेला प्रकाश दुसरी परत सेन्सरकडे वळवते, आणि तो आरपार आला असं मीटर समजतो. त्यात मी सेन्सर क्युव्हेटला (नमुना ठेवायच्या पारदर्शक नळीला) अगदी चिकटवलेला, म्हणजे भरकटलेला प्रकाशही त्यानेच गोळा करायचा. आता ०.४ च्या वर पातळ केल्याशिवाय वाचन नाही. (स्वस्त क्युव्हेट घेऊ नका. दोन धुण्यांत चरे पडतात आणि ब्लँकच, म्हणजे नुसत्या ब्रॉथचं शून्याचं वाचनच, हलतो.)

नव्या आकड्यांत ०.०५ ते ०.४ ला ७५ मिनिटं लागली. तीन दुपटी, म्हणजे दुपटीला २५ मिनिटं, आणि सेमीलॉग कागदावर (ज्यावर सारख्या दराने होणारी दुपटीची वाढ सरळ रेघ दिसते) पट्टी लावून ओढल्यासारखी रेघ. तो कागद भिंतीवर लावलाय. रात्रभराच्या शिळ्या कल्चरऐवजी लॉग फेजमधलं, म्हणजे जोमाने दुपटीने वाढत असलेलं, घातल्यामुळे लॅगही (वाढ सुरू होण्याआधीचा थांबा) जवळजवळ गेला.

पुढे पेशी मोजायला प्लेटवर कॉलनी (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) मोजणार होते, पण लिहितालिहिता लक्षात आलं की लॉग फेजमध्ये हा गडी साखळ्या करतो. अख्ख्या साखळीची कॉलनी एकच, मग मोजणार काय? त्यापेक्षा फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनोने १९४१ मध्ये दाखवलेली दोन टप्प्यांची वाढ करून बघते. ग्लुकोज संपेपर्यंत अरॅबिनोज या दुसऱ्या साखरेला हात नाही, मग जरा थांबा, मग दुसरी चढण. ब्रॉथमध्ये इतर खाद्यही असतं, तिथे हे दिसणार नाही, साधं क्षारांचं माध्यम हवं. आणि माझा स्ट्रेन (वाण) १६८, त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. तेही मागवायला हवं, नाहीतर पुढचं पठार खरं असेल.