आमची वाटचाल : बाइरादाची रेड वाईन, पणजीत मुरलेली

पणजीतल्या आमच्या दुकानात बाबांच्या काळी वाईन म्हणजे गोव्यात बनणारी गोड पोर्ट. फेणी आणि रमच्या बाजूला तिची एक फळी असायची. लग्न, फेस्त, नाताळ आला की ती हातोहात खपायची. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा त्या फळीचा एक कोपरा मी पोर्तुगालच्या बाइरादा भागातल्या रेड वाईनला दिला. आता मागची अख्खी खोली तिची आहे. दुकान तगलं ते रोजच्या विक्रीवर, पण त्याला ओळख मिळाली ती या वाईनमुळे, आणि तीही आम्ही ती घाईने विकली नाही म्हणून.

बाइरादा म्हणजे अवेइरो आणि कोइंब्रा यांच्यामधला, अटलांटिकजवळचा सखल टापू. माती चिकण, तिच्यात चुनखडी. समुद्रावरून येणाऱ्या गार, ओलसर वाऱ्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्याची आंबट धार टिकते. इथल्या मुख्य काळ्या द्राक्षाचं नाव ‘बागा’. मणी बारीक, पीक भरपूर, पण तयार व्हायला उशीर. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर घड कुजतात आणि वेलीवर भार जास्त राहिला तर वाईन पातळ होते. म्हणून मन लावून काम करणारे शेतकरी बरेच हिरवे घड आधीच खुडून टाकतात. इथले वाईन उत्पादक लुईस पातो यांनी १९८० च्या हंगामापासून बागाची वाईन स्वतःच्या नावाने काढली आणि या हट्टी द्राक्षाला जगभर मान मिळवून दिला. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

या भागाने सोसलंही पुष्कळ. पोर्ट वाईनमध्ये भेसळ होऊ नये म्हणून १७५६ मध्ये पोर्तुगालचा कारभार पाहणाऱ्या पॉम्बालच्या मार्किसने ती जिथे बनते त्या दोउरो खोऱ्याची हद्द आखली आणि पुढे बाइरादातले द्राक्षमळे उपटायचा हुकूम काढला. मळे पुन्हा उभे राहिले, पण बाइरादाला स्वतःच्या नावाची अधिकृत हद्द मिळायला १९७९ साल उजाडलं.

बागाची कोवळी वाईन तोंड आवळून टाकते. सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन तुरट लागतं, त्यात आम्लता तीव्र. पण याच दोन गोष्टी तिला वर्षानुवर्षं सांभाळतात. टॅनिनचे कण हळूहळू एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मऊ होतो. रंग गडद तांबड्यावरून विटकरीकडे झुकतो. चेरीच्या वासाच्या जागी ओली माती, सुकी पानं, अळमी यांचा वास येतो. लेबलवर ‘गार्राफेइरा’ लिहायचं तर रेड वाईन निदान ३० महिने मुरवावी लागते, त्यातले १२ बाटलीत. चांगल्या वर्षाची बागा मात्र २० वर्षंही सहज थांबते.

ती गोव्यात थांबवायची म्हणजे वेगळंच काम. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यातल्या पणजीत उघड्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. दुकानामागच्या जुन्या खोलीच्या चिऱ्याच्या जाड भिंती आमच्या कामी आल्या. आतून थर्मोकोल, दोन एसी आळीपाळीने, वीज गेली तर जनरेटर, तापमान १४ अंशांच्या आसपास. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी धरते, म्हणून प्रत्येक बाटलीला पातळ प्लास्टिक गुंडाळतो. हे काम माझी बायको बघते आणि तिच्याइतकं नीट ते कुणाला जमत नाही.

एका पुरवठादाराने ऐन उन्हाळ्यात साध्या ट्रकमधून पेट्या पाठवल्या होत्या. बुचं वर सरकलेली, टोपणाखाली वाईन पाझरून चिकट झालेली. सगळा माल परत केला. तेव्हापासून बूच तपासल्याशिवाय पेटी आत घेत नाही.

पैशाचा ताण मोठा होता. आयात शुल्कच १५० टक्के, त्यात माल वर्षानुवर्षं खोलीत. बाबा विचारायचे, “अरे, विकायला आणलास की ठेवायला?” मी उत्तर देत नसे, हिशेब दाखवायचो. रोजच्या विक्रीच्या नफ्यातला ठरावीक भाग या खोलीत जायचा. कर्ज काढून वाईन साठवायची नाही, हा नियम आजही पाळतो.

गिऱ्हाईक जेवणातून जोडलं गेलं. बाइरादात मेयल्यादा गावचं भाजलेलं कोवळं डुक्कर प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला लेइतांव, म्हणजे असंच भाजलेलं डुकराचं पिल्लू, होतंच. त्या चरबीला ही आंबट-तुरट वाईन छान कापते. आमच्या घरी ती मटणाच्या शागुतीबरोबर घेतो. श्रावण पाळून अळम्यांची शागुती केली तरी जुनी बागा हवीच, असं फोंड्याचे एक भाई दरवर्षी सांगतात. मला तेच जेवण सगळ्यांत आवडतं. हुमणाबरोबर मात्र कुणी मागितली तर मी नको म्हणतो. रेड वाईनमधल्या लोहामुळे मासळी उग्र लागते, तिथे बाइरादाचीच पांढरी फसफसती वाईन द्यावी.

सध्या २०११ च्या थोड्या बाटल्या प्यायला तयार आहेत. २०१५ च्या पेट्या अजून बंद ठेवल्या आहेत. जुनी बाटली हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा. आम्ही ती उभी करून ठेवतो, म्हणजे गाळ खाली बसतो आणि नेताना ढवळत नाही.