कोकणातला सूर्योदय आणि पुण्यातला प्रोजेक्टर

“ताई, सूर्यास्त झकास आलाय.”

एवढ्या एका वाक्यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पुण्यात आम्हा हौशी फोटोवाल्यांची महिन्यातून एकदा बैठक असते. प्रत्येकाने तीन फोटो आणायचे, प्रोजेक्टरवर लावायचे, बाकीच्यांनी बोलायचं. कॅमेरा कुठला घ्यावा, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने रंग न बदललेल्या मूळ फाइलीत) का काढावं, हे सगळं याच मंडळींनी शिकवलं. पहाटे पाषाण तलावावर जाऊन हातही बसला. मग समुद्राचं वेड लागलं. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला मुक्काम करायचा आणि अंधारात वाळूवर जाऊन उभं राहायचं.

आता कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. सूर्य मागे, माडांच्या आणि डोंगरांच्या पल्याड उगवतो. पण त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं समुद्राकडे बघा. क्षितिजाला टेकलेला निळसर-राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी. निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली, आणि वरच्या गुलाबीला ‘बेल्ट ऑफ व्हीनस’ म्हणतात. सूर्य वर येईल तशी सावली खाली सरकते आणि दोन्ही विरून जातात. डिसेंबरातल्या सकाळी सातच्या जरा आधी काढलेला तो फोटो मी बैठकीला नेला होता.

माझी पाळी सगळ्यात शेवटी. वॉचमन दोनदा डोकावून गेलेला. त्यात हॉलचा प्रोजेक्टर इतका म्हातारा, की माझं गुलाबी भिंतीवर सरळ नारिंगी होऊन पडलं. पहिल्या रांगेतल्या काकांनी वरचं वाक्य टाकलं. मी म्हटलं, “काका, सूर्योदय आहे.”

“समोर समुद्र आणि सूर्योदय? कोकणात?” हॉल हसला.

“सूर्य माझ्या पाठीमागे होता.”

“मग रंग कुठून आले? कॉम्प्युटरवर जरा जास्तच ओढलेत.”

मी मूळ रॉ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. उघडून दाखवते म्हटलं, तर वेळ नव्हता. फोटोवरची वेळ वाचून दाखवली, सहा पन्नास. त्यावर काका शांतपणे म्हणाले, “कॅमेऱ्यातलं घड्याळ काय, कसंही लावता येतं.” म्हणजे दिवेआगरच्या थंडीत कुडकुडत उभी राहणारी मी, वर घड्याळ मागे-पुढे करून पुण्यातल्या बारा-पंधरा जणांना फसवणार! त्यातून मला मिळणार काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. लोक खुर्च्या रचायला लागले.

पुरावा खरं तर फोटोतच होता. सूर्यास्ताला पश्चिमेकडचा सगळ्यात तेजाळ रंग क्षितिजालगत असतो. तिथे निळा पट्टा खाली आणि गुलाबी वर असं कधीच दिसत नाही. संध्याकाळी ते दृश्य पूर्वेला असतं. त्यामुळे समोर अरबी समुद्र आणि त्यावर असे पट्टे असतील, तर ती पहाटच. हे ऐकून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. मिळाली महिन्याभराने, पुढच्या बैठकीत. तेव्हा मी आठ बाय बाराचा प्रिंट काढून हातोहात फिरवला. काकांनी तो चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हं. पट्टा आहे खरा.” आमच्याकडे याला कबुली समजतात. तुम्हालाही रंगाबद्दल मत हवं असेल, तर प्रिंटच न्या.

उपयोगाचं बोलला तो एक आयटीतला मुलगा, तेही पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये. “ताई, आकाश मस्तच आहे, पण पायाशी काय आहे? ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली घ्या, ओल्या वाळूत तेच गुलाबी दुप्पट मिळेल.” तेव्हापासून मी ‘कसा वाटला?’ विचारणं बंद केलं. ‘यात नजर आधी कुठे जाते?’ असं विचारते. मग ‘अप्रतिम’वाले गप्प बसतात आणि बाकीचे कामाचं बोलतात.

ओली वाळू हवी तर पहाटे ओहोटी हवी. त्यासाठी कोळी लोकांचा हिशेब धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, ओहोटी तिथून सहा तासांवर. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे पहाट वाया. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि नंतरचे एक-दोन दिवस उत्तम.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा गुलाबीला दोष समजून धुऊन काढतो, ‘डेलाइट’ लावा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. एकत्र आलेख ठीक दिसतो, पण लाल आधीच उजव्या कडेला आपटलेला असतो, म्हणजे त्यातले बारकावे गेलेले. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११, आणि लाट मागे फिरताना अर्ध्या सेकंदाचा शटर, म्हणजे वाळूवर फेसाच्या रेघा येतात. मागे जाणारी लाट ट्रायपॉडच्या पायाखालची वाळूही नेते, म्हणून पाय आधीच दाबून रोवा.

पाण्यातून वर येणारा सूर्यच हवा असेल, तर जवळात जवळ मुंबईचं गेटवे. तिथे समोर बंदर आणि पूर्व दिशा. मोकळा समुद्र हवा तर पुरी किंवा विशाखापट्टणम. कोणार्क एक्सप्रेस पुण्यावरूनच जाते. काका तिकडे जाऊन आलेत आणि त्यांचे फोटो खरंच चांगले आहेत, हेही सांगायला हवं.

आणि हो, घरी आल्या आल्या ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी आत राहिलं, तर पुढच्या खेपेला अंधारात ते उघडत नाहीत.